मधालाही गाव असते

महाबळेश्वरहून परतणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीत काही वस्तू हमखास असतात. स्ट्रॉबेरीचा जॅम, भाजलेले चणे, मुलांसाठी एखादी टोपी आणि मधाची बाटली. चणे घाट उतरेपर्यंत संपतात, जॅम महिन्याभरात संपतो. मधाची बाटली मात्र फडताळात मागे मागे सरकत जाते. थंडीच्या दिवसांत कुणाला तरी खोकला होतो, चाटणासाठी बाटली बाहेर काढली जाते आणि तिच्या तळाशी पांढुरके रवे जमलेले दिसतात. मग घरात एकच निकाल लागतो, ‘‘मेल्याने साखरेचा पाक दिला!’’ बाटली मोरीत रिकामी होते आणि त्यानंतर घरात येतो तो दुकानातला नेहमी एकाच रंगाचा, एकाच चवीचा आणि कधीही न गोठणारा मध.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. रवे धरणे हा अनेक अस्सल मधांचा स्वभावच आहे. पण आपल्याला तो ठाऊक नसतो, कारण मधाकडे आपण एकच एक पदार्थ म्हणून पाहतो. आंबा घेताना आपण रत्नागिरी की देवगड, हापूस की पायरी असे दहा प्रश्न विचारतो. तांदळात आंबेमोहोर, कोलम, इंद्रायणी ओळखतो. मध घेताना मात्र एकच प्रश्न विचारतो, ‘‘अस्सल आहे ना?’’ खरे तर मधालाही गाव असते, फूल असते, ऋतू असतो. ते कळले, तर त्याची पारख थोडी सोपी होते आणि डोंगरात, जंगलात कष्ट करून तो काढणाऱ्या माणसावर आपल्या हातून अन्याय होत नाही.

फूल, माशी आणि हवा

फुलातला मकरंद म्हणजे मध नव्हे. मकरंदात निम्म्याहून अधिक, पुष्कळदा सत्तर-ऐंशी टक्के पाणी असते. कामकरी माशी तो पोटातल्या खास पिशवीत भरून पोळ्यात आणते. तिथे तो एका माशीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जातो, त्यात माश्यांच्या लाळेतील पाचक द्रव्ये मिसळतात आणि पंखांच्या वाऱ्याने त्यातले पाणी उडून जाते. पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आले, की माश्या त्या कोषावर मेणाचे झाकण बसवतात. हा झाला पिकलेला मध. तो इतका दाट असतो, की एक लिटरच्या बाटलीत सुमारे एक किलो चारशे ग्रॅम मध मावतो.

या मधात प्रामुख्याने दोन साखरा असतात, फलशर्करा आणि द्राक्षशर्करा. त्यांचे एकमेकींशी प्रमाण फुलागणिक बदलते. उरलेल्या थोड्या भागात आम्ले, खनिजे, परागकण आणि सुगंधी द्रव्ये असतात. मधाचा रंग, वास, तुरटपणा किंवा कडवटपणा येतो तो या थोड्या भागातून. म्हणूनच एक मध पाण्यासारखा फिका, तर दुसरा काकवीसारखा काळपट असू शकतो आणि दोन्ही तितकेच खरे असतात.

आपल्या पूर्वजांना ही विविधता चांगली ठाऊक होती. चरकसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक असे मधाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि प्रत्येकाचा रंगही दिला आहे. कुणाचा तेलासारखा, कुणाचा तुपासारखा, कुणाचा पिंगट, तर कुणाचा पांढरा. सुश्रुतसंहितेत तर आठ प्रकार आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या पदार्थासाठी आपल्याकडे आठ नावे होती, त्यासाठी आज एकच उरले आहे.

माश्याही एक प्रकारच्या नाहीत. उंच झाडांवर आणि कड्यांवर एकच भलेमोठे, उघडे पोळे लटकवणारी ती आग्या माशी. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी छोटी ती फुलोरी. झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत, अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. नांगीच्या बाबतीत निरुपद्रवी अशी इवलीशी डंखहीन माशीही आहे. या चौघी इथल्याच. पाचवी, मेलिफेरा, ही पाहुणी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे पंजाब कृषी विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डॉ. ए. एस. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती यशस्वीपणे रुजवली. आज देशात पेट्यांतून निघणाऱ्या मधाचा मोठा वाटा तिचाच आहे.

महाबळेश्वरच्या पठारावर

सातेरीचा मध पाहायचा, तर महाबळेश्वरसारखी जागा नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पठारावर जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा अशी झाडे दाटीने वाढली आहेत. बाजारपेठेत आणि पॉइंटवर फिरणाऱ्या प्रवाशाला ही झाडे म्हणजे नुसती हिरवी सावली. मधपाळाला मात्र ते वर्षाचे कॅलेंडर असते. पावसाळा सरल्यावर पिसा फुलतो. उन्हाळा सुरू होताना जांभळाला मोहोर येतो, त्याच्या मागोमाग हिरडा आणि गेळा. माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात फिरत असल्याने ज्या झाडांच्या राईत पेटी ठेवाल, त्यांचाच मध बहुतांशी मिळतो. जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट असतो. तो ज्याने एकदा चाखला, त्याला पुढच्या वेळी बाटलीवरची चिठ्ठी वाचावी लागत नाही.

महाबळेश्वरला महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे आणि मधपाळांची सहकारी संस्थाही आहे. इथून थोड्याच अंतरावरचे मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. गावातली बहुसंख्य कुटुंबे या व्यवसायाशी जोडलेली आहेत. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यातल्या पाटगावलाही असाच मान मिळाला. पॉइंट पाहून झाल्यावर अर्धा दिवस मोकळा असेल, तर मांघरला जरूर जावे. मधपेटीचे झाकण उघडून चौकट वर उचलली जाते, तिच्यावर शेकडो माश्या शांतपणे आपले काम करत असतात आणि इतका वेळ आईच्या पदराआड लपलेली मुले पुढे होऊन पाहू लागतात.

मध काढण्याची रीतही इथे डोळ्यांनी पाहता येते. पेटीच्या खालच्या भागात राणीची अंडी आणि पिल्ले, वरच्या भागात मध. मधाच्या चौकटीवरची मेणाची झाकणे सुरीने अलगद कापायची, चौकटी मधयंत्राच्या पिंपात उभ्या करायच्या आणि हाताने दांडा फिरवायचा. मध पिंपाच्या भिंतीवर उडतो, खाली ओघळतो. रिकामे पोळे जसेच्या तसे पेटीत परत जाते. ही बचत लहान नाही. एक किलो मेण तयार करायला माश्यांना त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो.

पावसाळ्याचे चार महिने मात्र पठारावर माशीला बाहेर पडणे कठीण. तेव्हा मधपाळ साखरेचे पाणी ठेवून त्या वसाहती जगवतो. ‘मधपाळ माश्यांना साखर खाऊ घालतात’ या वाक्याने शहरातल्या माणसाचा भ्रमनिरास होतो, पण ती साखर उपासमार टाळण्यासाठी असते, विक्रीच्या मधासाठी नसते. प्रामाणिक मधपाळ फुलोरा सुरू होण्याआधी ते पाणी बंद करतो. अप्रामाणिक माणूस करत नाही. सगळा फरक तेवढाच आणि तो विश्वासाचा आहे.

सह्याद्रीचा आणखी एक मध आहे, तो दरवर्षी मिळत नाही. कारवी ही डोंगरउतारावरची झुडपे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतात आणि मग निळ्या-जांभळ्या रंगाने डोंगर भरून जातो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ मध्ये असा बहर अनेकांनी पाहिला. कारवीच्या मधाचा स्वभाव विलक्षण असतो. स्थिर ठेवला की तो जेलीसारखा घट्ट होतो, ढवळला की पुन्हा पातळ. त्याचे वेगळेपण सरकारदरबारीही मान्य आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मधात उसाच्या साखरेसारख्या शर्करेची, म्हणजे सुक्रोजची, कमाल मर्यादा पाच टक्के ठरवली आहे, पण कारवीच्या मधाला दहा टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. सह्याद्रीतल्या एका झुडपाने देशाच्या नियमावलीत आपली जागा मिळवली, हे वाचून मराठी माणसाला बरे वाटायला हरकत नाही.

घाटाच्या कडेने दक्षिणेकडे

हाच सह्याद्री धरून दक्षिणेला उतरत गेले, की फुले बदलतात आणि मधही. केरळात गेल्यावर तर एक समजूतच मोडते. मध फुलातूनच येतो असे आपण मानतो, पण केरळातल्या मधाचा फार मोठा भाग रबराच्या झाडाच्या पानांकडून येतो. पानगळ झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीनंतर रबराला कोवळी पालवी फुटते. त्या पानांच्या देठाशी असलेल्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो आणि माश्या तो गोळा करतात. कोट्टायमच्या बाजूला गेलात, तर रबराच्या रांगांखाली ठेवलेल्या पेट्या रस्त्यावरूनही दिसतात.

याच केरळात डंखहीन माशीच्या मधाला ‘चेरुतेन’ म्हणतात. ‘चेरु’ म्हणजे लहान आणि ‘तेन’ म्हणजे मध. मडक्यात, बांबूच्या नळीत किंवा नारळाच्या करवंटीतही या माश्या पाळतात. त्यांची मध साठवण्याची भांडी षटकोनी नसतात, मेण आणि डिंक मिसळून केलेली छोटी गोल मडकीच ती. एका वसाहतीतून वर्षाला जेमतेम काही शे ग्रॅम मध मिळतो. तो पातळ आणि आंबटगोड असतो. आपल्याकडे कुणी तो चाखला, तर ‘आंबला आहे’ म्हणून परत करील. तिथे मात्र औषधासाठी तो मुद्दाम मागून घेतात आणि इतर मधापेक्षा कितीतरी जास्त दाम मोजतात.

दक्षिणेतल्या सातेरीवर एक मोठे संकट येऊन गेले, तेही सांगायला हवे. १९९१-९२ च्या सुमारास ‘थाई सॅकब्रूड’ नावाच्या विषाणूजन्य रोगाने तिथल्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. पिल्ले अळीच्या अवस्थेतच मरत आणि पेटी काही दिवसांत ओस पडे. ज्या घरांतून बरण्या भरून मध निघे, तिथे नुसत्या रिकाम्या पेट्या उरल्या. रोगातून वाचलेल्या वसाहतींपासून मधपाळांना पुन्हा सुरुवात करावी लागली.

केरळच्या सीमेवरून वर चढले की निलगिरी. इथे गोष्ट पेटीची नाही, कड्याची आहे. आग्या माशीची पोळी उभ्या कड्यांच्या पोटाशी लटकतात आणि कुरुंब जमातीचे लोक जंगली वेलींच्या शिड्या सोडून त्यांच्यापर्यंत उतरतात. खाली दरी, हातात धुराचा पलिता आणि भोवती चवताळलेल्या माश्या. या भागातल्या मध काढणाऱ्या जमातींविषयी जुन्या नोंदींत एक मजेदार प्रथा आढळते. वर कड्यावर दोर राखायला सख्खा भाऊ बसवायचा नाही, बायकोचा भाऊ बसवायचा. कारण उघड आहे. आपल्या बहिणीचे कुंकू ज्याच्या हातात आहे, तो मेहुणा दोर कधी सैल सोडणार नाही! कोटगिरीला ‘कीस्टोन फाउंडेशन’ ही संस्था १९९० च्या दशकापासून या लोकांबरोबर काम करते आहे. तिच्या दुकानात मधाच्या बाटलीबरोबर तो कसा आणि कुणी काढला, याचीही माहिती मिळते.

वाघाच्या राज्यातला मध

आग्या माशीच्या मधासाठी माणूस कड्यावरून उतरतो, तसाच तो वाघाच्या जंगलातही शिरतो. त्यासाठी देशाच्या पूर्व टोकाला, बंगालच्या सुंदरबनात जावे लागते. एप्रिलच्या सुमारास इथे मध गोळा करण्याचा हंगाम सुरू होतो. वनखात्याचा परवाना घेऊन ‘मउले’ नावाने ओळखले जाणारे लोक गटागटाने होड्यांतून खाड्यांमध्ये शिरतात. निघण्याआधी बनबिबीची पूजा होते. हिंदू असो वा मुसलमान, जंगलात जाणारा प्रत्येक जण या वनदेवतेला हात जोडतो.

हंगामाच्या सुरुवातीला खोलशी नावाचे खारफुटीचे झुडूप पांढऱ्या फुलांनी भरते. त्याचा फिकट, सुगंधी मध सर्वांत मौल्यवान मानला जातो. पुढे गरान, केवडा नव्हे पण नावाने जवळचा केवरा अशी खारफुटीची इतर झाडे फुलतात आणि मधाचा रंग गडद होत जातो. माश्या कुठल्या दिशेने उडतात त्यावर नजर ठेवून मउले चिखलातून, टोकदार मुळ्यांमधून चालत पोळे शोधतात. हेंताळाच्या पानांची जुडी पेटवून धूर करतात. सगळ्यांची नजर वर असते आणि नेमका तोच क्षण वाघाचा असतो. वाघ पाठीमागून हल्ला करतो म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधण्याचा प्रयोगही इथे १९८० च्या दशकात झाला. या भागातल्या गावांत वाघाने नवरा नेलेल्या स्त्रियांना ‘बाघ-बिधवा’ असे वेगळे नावच आहे. अलीकडे वनखात्याच्या देखरेखीखाली जंगलाच्या कडेला मधपेट्या ठेवून हा धोका टाळण्याचे प्रयत्न होत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सुंदरबनच्या मधाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

दमट हवेमुळे सुंदरबनचा मध पातळ असतो. बाटली हलवली की वर फेस येतो, टोपण उघडताना कधी हलकासा आवाजही होतो. महाबळेश्वरच्या दाट मधाची सवय असलेल्याला तो पाणी घातलेला वाटेल. पण ते पाणी माणसाने घातलेले नसते, ते खाडीच्या हवेचे असते.

जंगलातल्या मधाबाबत एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाने विचारलीच पाहिजे, ती म्हणजे पोळे कसे काढले. आग्या माशीच्या पोळ्यात मध फांदीलगतच्या एका कोपऱ्यात साठवलेला असतो आणि उरलेल्या मोठ्या भागात पिल्ले असतात. जुनी रीत म्हणजे मशालीने माश्या जाळायच्या आणि अख्खे पोळे पिळायचे. त्यात वसाहतही जाते आणि मधात पिल्लांचा रस उतरून तो लवकर खराब होतो. नवी रीत म्हणजे अंगभर संरक्षक कपडे घालून, नुसत्या धुराने माश्या बाजूला सारून फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचे पोळे तसेच ठेवायचे. माश्या कापलेला भाग पुन्हा बांधतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. महाराष्ट्रात वर्धा आणि मेळघाटच्या बाजूला या रीतीचे प्रशिक्षण दिले गेले आहे. पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये सुरू केलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही मधमाशीपालनाचे शिक्षण मिळते.

ट्रकमधून फिरणाऱ्या पेट्या

बंगालमधून उत्तरेकडे वळले, की जंगल मागे पडते आणि शेते सुरू होतात. इथला मध मेलिफेराचा. ही माशी पेटीत चांगली नांदते, म्हणून तिला घेऊन प्रवास करता येतो. उत्तरेतले मधपाळ फुलांच्या मागे फिरणारे भटकेच असतात. हिवाळ्यात राजस्थानातल्या भरतपूरच्या बाजूला मोहरी पिवळीधमक फुलते, तेव्हा शेतांच्या बांधांवर पेट्यांच्या रांगा लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच पेट्या रातोरात ट्रकवर चढून बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या लिचीच्या बागांत पोहोचतात. रात्री, कारण तेव्हा सगळ्या माश्या घरी असतात! बागवानालाही हे पाहुणे हवेच असतात. माश्यांमुळे परागीभवन होऊन त्याची फळधारणा वाढते.

लिचीचा मध फिका आणि फळासारख्या मंद सुगंधाचा. मोहरीचा मध मात्र काढल्यावर थोड्याच दिवसांत गोठून लोण्यासारखा पांढरट होतो, कारण त्यात द्राक्षशर्करा जास्त असते. परदेशांत असा मध मुद्दाम घोटून, पावाला लावायला बरण्यांतून विकतात आणि आपल्या देशातून निर्यात होणाऱ्या मधात मोहरीच्या मधाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे मात्र तोच मध पाहून गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडते.

उत्तरेचा शेवटचा मुक्काम काश्मीर. तिथे शरद ऋतूत डोंगरउतारांवर सोलाई नावाचे रानझुडूप फुलते आणि त्याचा पांढुरका, मंद वासाचा मध मिळतो. वसंतात फुलणाऱ्या तिथल्या पांढऱ्या बाभळीसारख्या वृक्षाचा, रोबिनियाचा, मध मात्र पारदर्शक असतो आणि त्यात फलशर्करा अधिक असल्याने तो महिनोन्‌महिने गोठत नाही. म्हणजे एकाच खोऱ्यातले दोन मध, पण दोघांची रीत न्यारी. तेव्हा ‘गोठतो तो खोटा’ हे जितके चूक, तितकेच ‘गोठत नाही तो खोटा’ हेही चूक.

बाटली घरी आल्यावर

मग खरा मध ओळखायचा कसा? काडी मधात बुडवून पेटवणे, पाण्यात थेंब टाकून तो तळाशी जातो का पाहणे, मुंग्या लागतात का, कुत्रा खातो का, असे अनेक उपाय घरोघरी सांगितले जातात. यांतल्या एकाचाही भरवसा नाही. दाट केलेला साखरेचा पाकही पाण्यात तळाशी जातो आणि सुंदरबनचा अस्सल पातळ मध या परीक्षेत नापास होऊ शकतो. आता तर भेसळही हुशार झाली आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने १३ नाममुद्रांचे मध तपासून घेतले. त्यांपैकी १० नाममुद्रा परदेशातील प्रगत चाचणीत उतरल्या नाहीत, असे तिने जाहीर केले. नेहमीच्या चाचण्यांना चकवा देणारे साखरेचे पाक बाजारात मिळतात, हेही तिने दाखवून दिले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण जी गोष्ट प्रयोगशाळेलाही सहज सापडत नाही, ती काडी पेटवून सापडणार नाही, एवढे तरी त्यातून कळते.

या भेसळीचा फटका सर्वांत आधी मधपाळाला बसतो. स्वस्त पाकाशी त्याच्या मधाला भावात स्पर्धा करावी लागते. भाव पडला की तो पेट्या विकून दुसरे काम शोधतो. त्याच्या पेट्या गेल्या, की आसपासच्या बागांना आणि शेतांना फुलांवर फिरणाऱ्या माश्याही कमी पडतात.

रवे धरलेल्या मधाचे काय करावे? काहीही न करता तसाच खावा, उत्तम लागतो. पातळच हवा असेल, तर बाटली कोमट पाण्यात उभी ठेवावी. हात सहज बुडवता येईल एवढेच पाणी गरम असावे. गॅसवर उकळू नये. त्याने सुगंध आणि गुण दोन्ही जातात, आणि मध तापवू नये असे आयुर्वेदही सांगतो. बाटलीचे टोपण घट्ट लावावे, ओला चमचा घालू नये आणि ती फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण थंडीत रवे लवकर धरतात.

आणखी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे. नवजात बाळाच्या जिभेला मध लावण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पण मध कितीही शुद्ध असला, तरी त्यात एका विशिष्ट जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत त्याला मधाचे बोटही चाटवू नये. आजीचे प्रेम व्यक्त करायला इतर पुष्कळ वाटा आहेत.

चार प्रश्न

आपले वाचक इंदूरला असोत, बडोद्याला, हैदराबादला की दिल्लीला, प्रत्येकाच्या आसपास कुठल्या ना कुठल्या फुलाचा मध निघत असतो. यापुढे प्रवासात किंवा बाजारात मध घेताना ‘अस्सल आहे ना?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याचे उत्तर कुणीच ‘नाही’ असे देत नाही. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. मध कुठला? कोणत्या फुलाचा? कोणत्या महिन्यात काढला? आणि कसा काढला, पेटीतून की पोळे पिळून?

ज्याने खरोखर माश्या पाळल्या आहेत किंवा जंगलातून मध आणला आहे, त्याला या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागत नाहीत. तो खुलतो, झाडांची नावे सांगू लागतो, यंदा पाऊस लांबल्याने हिरडा कसा कमी फुलला याची तक्रार करतो. ज्याच्याकडे उत्तरे नाहीत, तो फक्त भाव कमी करतो. घरी दोन-तीन वेगवेगळे मध आणून मुलांना एकेक थेंब चाखायला द्या आणि कुठला तुरट, कुठला आंबट, कुठला फुलासारखा ते त्यांनाच ओळखू द्या. ज्या पिढीला जांभळाचा मध चवीने कळेल, तिला जांभळाचे झाड तोडताना वाईटही वाटेल.